शुगर, कोलेस्टेरॉल आणि हाडं: तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या एकत्र कशा वाचायच्या

काकूंनी काउंटरवर पिशवी उपडी केली. तीन चिठ्ठ्या निघाल्या. एक शुगरच्या डॉक्टरांची, एक हार्टच्या डॉक्टरांची आणि तिसरी नवीकोरी, हाडांच्या डॉक्टरांची, कारण डावा हात प्लास्टरमध्ये होता. मोरीच्या उंबऱ्याशी पाय सटकला, हात टेकला, एवढंच निमित्त. चौथा कागद बीएमडीचा, म्हणजे हाडांच्या घनतेच्या तपासणीचा. त्यावर 'नॉर्मल'.

"हाडं चांगली आहेत म्हणतात, मग मोडलं कसं गं?" आणि त्याच दमात, "कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून सहा महिने दूध सोडलंय मी. त्यानं तर नाही ना झालं?"

मी मेडिकल चालवते, डॉक्टर नाही. पण तिन्ही चिठ्ठ्या एका वेळी बघणारं माणूस पुष्कळदा मीच असते. शुगरवाले डॉक्टर एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा अंदाज) बघतात, हार्टवाले एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) बघतात, हाडवाले एक्स-रे बघतात, आणि पेशंट मधल्या मधे दूध सोडतो. काकूंचे दोन्ही प्रश्न अगदी बरोबर होते. त्यांना तेव्हा जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. एकच अट: यातलं काही वाचून कुठलीही गोळी परस्पर बंद करायची नाही. विचारायचं, मग करायचं.

आधी नातं समजून घ्या

कोलेस्टेरॉल म्हणजे शिरांत साचणारा चिकट कचरा, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे आहे. पण शरीर त्यापासून बरंच काही बनवतं. हाडं धरून ठेवणारी इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासूनच तयार होतात. त्वचेतल्या ज्या पदार्थावर ऊन पडून व्हिटॅमिन डी बनतं, तो ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉल बनण्याच्या एक पायरी आधीचा माल. म्हणून कोलेस्टेरॉल जास्त असलं की हाडं मजबूत, असं मात्र नाही. एलडीएल ७० पर्यंत खाली आणलं तरी हार्मोन्सना लागेल तेवढं कोलेस्टेरॉल शरीर बनवतच राहतं.

दुसरी बाजू अशी. अस्थिमज्जेत मूळ पेशी असतात. त्यातून हाड बांधणारी पेशी तयार होऊ शकते किंवा चरबीची. ऑक्सिडाइज झालेलं एलडीएल आणि सततची वाढलेली शुगर या दोन्ही गोष्टी तिला चरबीकडे ढकलतात, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. तेच एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलं की तिथल्या पेशी उलट हाडासारख्या वागू लागतात आणि कॅल्शियम साचवतात. म्हणजे हाडातून कॅल्शियम जातं आणि शिरेत बसतं. हा उलटा कारभार डायबेटिसच्या माणसात जास्त दिसतो.

मग एलडीएल वाढलं की हाड मोडणार का? माणसांवरच्या अभ्यासांत हा हिशोब इतका सरळ येत नाही. काहींत एलडीएल आणि हाडांचा संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणून मिरवणाऱ्या एचडीएलचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या बहुतांशी सत्तरीपुढच्या निरोगी लोकांवरचा एक अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात एचडीएल ७४ च्या वर असणाऱ्यांत फ्रॅक्चरचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघालं. एचडीएलमुळे हाड मोडतं, असा त्याचा अर्थ नाही. पण लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट) बघून हाडांची ताकद सांगता येत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

डायबेटिसमध्ये हाडाचा मुख्य गुन्हेगार शुगरच. हाड हे स्लॅबसारखं असतं. कॅल्शियम म्हणजे सिमेंट आणि कोलॅजन म्हणजे आतली सळई. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की ती कोलॅजनला चिकटते आणि सळई कडक, ठिसूळ होते. शिवाय जुनं हाड काढून नवं भरायचं काम मंदावतं, बारीक तडे तसेच राहतात. बीएमडीचं मशीन फक्त सिमेंट मोजतं. टाइप २ मध्ये (बहुधा मोठेपणी होणारा डायबेटिस) सिमेंट पुष्कळदा व्यवस्थित असतं, कधी जास्तच असतं. तरीही खुब्याचं हाड मोडण्याचा धोका साधारण दीडपट असतो. टाइप १ मध्ये (शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो) तर हा धोका कित्येक पट जास्त, आणि तिथे सिमेंटही कमी. काकूंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

आणि हे तिन्ही एकाच घरात नांदतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचे २०२३ चे आकडे सांगतात की देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत आणि दर दहा प्रौढांपैकी आठांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड आहे. बायकांच्या बाबतीत पाळी गेली की एलडीएल चढतं आणि हाड झिजतं, दोन्ही एकाच सुमाराला. आपल्याकडे पाळी जाते तीही बहुधा पन्नाशीच्या आत.

पायरी १: सगळं एका कागदावर आणा

वहीचं एक पान घ्या. डाव्या बाजूला वय, डायबेटिस किती वर्षांपासून, पाळी कोणत्या वर्षी गेली, चाळिशीनंतर कुठलं हाड मोडलं का, आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात (न लागता पडलेलंही मोजा), आणि आजची उंची. उजव्या बाजूला औषधं. सगळी. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, अ‍ॅसिडिटीची गोळी, झोपेची गोळी आणि कुणी तरी दिलेली सांधेदुखीची पावडरसुद्धा.

या पावडरीबद्दल दोन शब्द. तीन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. स्टिरॉइड शुगर वाढवतं, चरबी बिघडवतं आणि हाड पोखरतं. तिन्ही फायली एका दमात बिघडवणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही. बरेच महिने घेत असाल तर एकदम तोडूही नका, डॉक्टरांना दाखवून कमी करा.

उंची घरीच मोजा. चप्पल काढून, टाचा आणि पाठ दाराच्या चौकटीला टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीची खूण. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल, तर मणका गुपचूप दबलेला असू शकतो. पूर्वीची उंची आठवत नसेल तर स्वयंपाकघरात विचारा. आमच्या एका गिऱ्हाईक मावशींनी सहज सांगितलं होतं, "वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा आधी टाचा न उचलता लागायचा, आता पाट घ्यावा लागतो." फळी तीच, डबा तोच. पाठीचा एक्स-रे काढला तर दोन मणके दबलेले. कधी मोडले, त्यांना पत्ताच नव्हता.

पायरी २: रक्ताचे रिपोर्ट जोडीने वाचा

लिपिड प्रोफाइलमध्ये डायबेटिसवाल्याने आधी एलडीएल बघावं. हृदयविकार झालेला नसला, तरी धोका जास्त असलेल्यांना ते ७० च्या खाली ठेवायला सांगतात. हार्ट अ‍ॅटॅक, स्टेंट, बायपास झालं असेल तर ५५ च्या खाली. आपल्या लोकांत एलडीएल ठीकठाक पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) चढलेलं आणि एचडीएल पडलेलं, हा नमुना फार दिसतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर गणिताने काढलेला एलडीएलचा आकडा भरवशाचा राहत नाही. लॅबला थेट एलडीएल मोजायला सांगा.

आता या रिपोर्टला जोड द्यायची ती चार-पाच तपासण्यांची.

टीएसएच ही थायरॉइडची तपासणी (थायरॉइड मंद असेल तर हा आकडा वर जातो) सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच राहून जाते. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतं, आणि ते थायरॉइडची गोळी सुरू केल्यावरच नीट खाली येतं. उलट थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होत असेल, तर हाड झिजतं. एकाच आकड्याला दोन टोकं: वर गेला तर कोलेस्टेरॉल, फार खाली गेला तर हाड. डोस तीन-तीन वर्षं न तपासता तोच चालू ठेवणारी मंडळी आमच्याकडे दर आठवड्याला येतात.

क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारे आकडे) हवंच, कारण हाडांची औषधं किडनी बघून ठरतात. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२. ते कमी पडलं की पायांच्या नसा आणखी बधिर होतात, आणि बधिर पाय अंधारात उंबरा ओळखत नाहीत.

पायरी ३: बीएमडी, पण खरं

सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत शिबिर असतं, टाच एका छोट्या मशीनमध्ये ठेवतात, मिनिटभरात चिठ्ठी निघते: 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे हाड विरळ. शेजारच्याच टेबलावर कॅल्शियमच्या बाटल्या. ते टाचेचं अल्ट्रासाउंड असतं. त्यावरून औषध ठरवायचं नसतं आणि निर्धास्तही व्हायचं नसतं. काकूंचा तो 'नॉर्मल' कागद नीट पाहिला तर असल्याच शिबिरातला निघाला.

खरी तपासणी डेक्सा. टेबलावर झोपवून कंबरेचे मणके आणि खुबा मोजतात. दुखत नाही, एक्स-रे अगदी कमी. पासष्टीपुढच्या मधुमेही माणसाने ती करावी. त्याआधीही, पन्नाशी उलटलेली असेल आणि जोडीला एखादं कारण असेल (आधी हाड मोडलंय, डायबेटिस दहा वर्षांहून जुना आहे, इन्सुलिन चालू आहे, वारंवार पडणं, किडनी किंवा नसांचा त्रास) तर करावी. मग दोन-तीन वर्षांनी पुन्हा, जमल्यास त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर शोधा. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये हाड विरळ, उणे २.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाड ठिसूळ. ही वाटणी जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये केली, डायबेटिस डोळ्यांसमोर न ठेवता. टाइप २ च्या माणसाने रिपोर्टवरच्या आकड्यातून मनातल्या मनात अर्धा वजा करावा. उणे २ आलं तर ते उणे २.५ समजून डॉक्टरांशी बोलावं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनाही आता उणे २ पासूनच औषधाचा विचार करायला सांगतात. डॉक्टर कॉम्प्युटरवर फ्रॅक्स नावाचा हिशोब करत असतील, तर त्यात टाइप २ डायबेटिसची चौकट नाही. अनुभवी डॉक्टर त्या जागी संधिवाताच्या चौकटीवर खूण करून धोका जवळपास बरोबर काढतात. खूण बघून "मला संधिवात कुठाय?" म्हणून दचकू नका.

आणखी एक गोम आहे. साठीनंतर मणक्यांना हाडाचे काटे फुटतात. मशीन तेही हाड म्हणूनच मोजतं आणि मणक्याचा स्कोअर खोटाच चांगला येतो. मणका झकास आणि खुबा पडलेला असं दिसलं, तर खुब्यावर विश्वास ठेवा.

पायरी ४: स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं

स्टॅटिनपासून, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांपासून, सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच. अ‍ॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिनने हाडं ठिसूळ होतात का? मोठ्या चाचण्यांत तसं दिसलेलं नाही. उलट १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात स्टॅटिनने हाड वाढलं आणि हाडांनाही हेच औषध देऊ, अशी हवा झाली. नंतर सुमारे १७,८०० लोकांच्या रोसुवास्टॅटिनच्या चाचणीत फ्रॅक्चर कमी झाले का ते मोजलं, तर काहीच फरक नाही. म्हणजे हाडांसाठी स्टॅटिन घ्यायचं नाही आणि हाडांच्या भीतीने सोडायचंही नाही. हृदयासाठी घ्यायचं.

यातली एक गंमत मला फार आवडते. शरीरात कोलेस्टेरॉल बनतं ते पायऱ्यापायऱ्यांनी. स्टॅटिन त्या वाटेवर वरच्या अंगाला बांध घालतं, मुख्यतः यकृतात. हाडांच्या अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट या गोळ्या-इंजेक्शनं त्याच वाटेवर खालच्या अंगाला बांध घालतात, पण हाड खाणाऱ्या पेशीत. नदी एकच, बंधारे दोन, गावं वेगळी. दोन्ही औषधं एकत्र चालतात.

स्टॅटिनने हाड नाही, पण क्वचित स्नायू दुखतात. मांड्या भरून येणं, जिना चढताना पाय न उचलणं असं नव्याने सुरू झालं तर डॉक्टरांना सांगा, कारण अशक्त मांडी म्हणजे पडायला आमंत्रण. त्यावर डोस बदलणं, गोळी बदलणं असे पुष्कळ मार्ग असतात. व्हिटॅमिन डी आणि थायरॉइडही त्याच वेळी बघून घ्यावं, कारण तेही असंच दुखवतात.

आता शुगरच्या गोळ्या. हाडांच्या दृष्टीने इथे खरी नजर हवी ती पायोग्लिटाझोनवर. ते अस्थिमज्जेतल्या त्या मूळ पेशीला चरबीच्या दिशेने लोटतं आणि बायकांमध्ये फ्रॅक्चर वाढवतं. अडचण अशी की आपल्याकडे ते पुष्कळदा 'तीन औषधं एका गोळीत' असं येतं: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन. पेशंटला ब्रँडचं नाव पाठ असतं, आत काय आहे ते नसतं. स्ट्रिप उलटी करा, चष्मा लावा, वाचा. पाळी गेलेल्या आणि आधी हाड मोडलेल्या बाईच्या स्ट्रिपवर हे नाव असेल तर डॉक्टरांना दाखवा. ते औषध वाईट नाही, काही फॅटी लिव्हरवाल्यांना मुद्दाम देतात. पण निर्णय हाडाचा कागद समोर ठेवून व्हावा.

लघवीवाटे शुगर काढणाऱ्या गोळ्यांपैकी कॅनाग्लिफ्लोझिनच्या एका मोठ्या चाचणीत (२०१७) फ्रॅक्चर वाढलेले दिसले. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनमध्ये तसं आढळलं नाही. पण या सगळ्यांनी लघवी वाढते, म्हणजे रात्रीच्या फेऱ्या आल्या. मेटफॉर्मिन हाडांना निरुपद्रवी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन थेट हाडाला काही करत नाहीत, पण शुगर लो झाली की माणूस कोसळतो. सत्तरीपुढे शुगर फार घट्ट आवळण्यात शहाणपण नाही, ते यासाठीही. घामाने डबडबून पडलेल्या आजोबांचा एचबीए१सी ६.२ आहे, याचं कौतुक काय करायचं?

पायरी ५: ताट

काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. दूध सोडणं चूकच होतं. कोलेस्टेरॉलला नडते ती सायीतली चरबी, आणि कॅल्शियम सायीत नसतं, खालच्या पाण्यात असतं. तापवून, थंड करून, साय काढून घेतलेलं दूध किंवा टोन्ड दूध घ्या. ग्लासभरात २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. त्याचंच दही, ताक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १२००. दोन वेळचं दूध-दही झालं की निम्मी मजल जवळ येते.

दूध चालत नसेल त्यांच्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात नाचणी आहे. शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण डायबेटिसवाल्याने भाकरी खावी. सत्त्व किंवा पातळ आंबील झटकन पचतं आणि शुगर तशीच झटकन वर जाते. कोंडा गाळून टाकलेलं 'नाचणी सत्त्व' पौष्टिक म्हणून आवडीने पिणारे, आणि दोन तासांनी ग्लुकोमीटर बघून चक्रावणारे बरेच बघितलेत. भाकरीबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि तिळाची चटणी असलं की एकाच ताटात तीन बाजूंनी कॅल्शियम. चमचाभर तिळात शंभर मिलिग्रॅमच्या वर असतं, सगळं अंगी लागत नाही तरी. तिळगुळाची वडी मात्र संक्रांतीपुरतीच. पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण ऑक्झलेटमुळे शरीराला फारसं मिळत नाही. कोकणात-गोव्यात काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे हा फार चांगला स्रोत आहे. फक्त सुक्या मासळीत मीठ असतं, बीपीवाल्यांनी धुऊन, बेताने.

कोलेस्टेरॉलच्या नावाने लोक अंडं सोडतात आणि चहाबरोबर खारी-टोस्ट चालू ठेवतात. हे उलटं आहे. रक्तातलं एलडीएल अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा वनस्पती तुपाने, पामतेलाने, लोण्याने जास्त वाढतं. एक अंडं बहुतेकांना चालतं, त्यातली प्रथिनं हाडाला आणि मांडीला लागतात. डाळ, उसळ, मोड आलेली मटकी, पनीर ऐवजी सोयाबीन किंवा टोफू, जे झेपेल ते. किडनी खराब असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

गोळीतलं कॅल्शियम हे ताटातली तूट भरायला. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं. बाटलीवर '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं. एका वेळी त्याहून जास्त शरीर नीट घेत नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी कायम चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेटचं विचारा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास अंतर हवं. सकाळी सगळ्या गोळ्या एका मुठीत घेणाऱ्यांचं थायरॉइड मग ताळ्यावर येत नाही आणि त्यामागोमाग कोलेस्टेरॉलही.

पायरी ६: ऊन आणि पुडी

"मी रोज सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसते, तरी डी कमी कसं?" कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण जवळजवळ नसतात म्हणून. ते अकरा ते दोनच्या दरम्यान मिळतात. हात आणि पोटऱ्या उघड्या, पंधरा-वीस मिनिटं, काचेआडून नाही. पावसाळ्यात तेही अवघड.

मग पुडी येते, ६०,००० युनिटची. चिठ्ठीवर बहुधा आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक असं असतं. आमच्याकडे एका आजींनी ती 'रोज' समजून ओळीने अकरा दिवस घेतली होती. बाराव्या दिवशी अजून द्या म्हणून आल्या तेव्हा कळलं आणि त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. जास्त झालेलं डी रक्तात कॅल्शियम वाढवतं: उलट्या, बद्धकोष्ठ, बडबड, किडनीवर ताण. तेव्हापासून मी प्रत्येक पुडीवर मार्करने वार लिहून देते. तुम्हीही घरी लिहा. जेवणानंतर दुधातून घ्या, कारण हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं.

पायरी ७: पडायचं नाही

मधुमेही माणसाला पडायची कारणं दुप्पट: बधिर तळवे, अधू नजर, रात्रीची लघवी, उठताच येणारी चक्कर, लो शुगर. म्हणून पलंगावरून उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसा. पलंग ते संडास या वाटेवर रात्री छोटा दिवा. गोधडीचं पायपुसणं काढून टाका, ते सरकतं. मोरीत रबरी मॅट आणि भिंतीला पकडायला दांडा. घरातही मागे पट्टा असलेली चप्पल.

पायांची ताकद घरीच मोजता येते. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीशी घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. पासष्टीच्या बाईला ११, पुरुषाला १२ पेक्षा कमी जमत असेल तर मांड्या कमकुवत आहेत. मग हाच व्यायाम करा: पाच-सात वेळा, दिवसातून दोनदा, हळूहळू वाढवत. ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं. याच्या जोडीला आठवड्यात दीडशे मिनिटं चालणं, ज्याने शुगर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही उतरतात. नुसत्या चालण्याने हाडाला पुरेसा भार मिळत नाही, म्हणून खुर्ची आणि टाचा सोडायच्या नाहीत. मणका दबलेला असेल तर पश्चिमोत्तानासन, पाय न वाकवता खाली वाकणं, कंबर पिळणं बंद. सूर्यनमस्कारसुद्धा विचारूनच. डोळ्याच्या पडद्याला त्रास असेल तर जड वजन उचलणं टाळा.

पायरी ८: हाडांचं औषध सुरू झालं तर

आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी (७० मिलिग्रॅम) सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढची तीस मिनिटं आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, चहाही नाही. डायबेटिसवाल्याला इथे एक फास आहे. सवयीने इन्सुलिन किंवा जेवणाआधीची शुगरची गोळी घेतली आणि मग अर्धा तास उपाशी बसलात, तर शुगर लो होणार. म्हणून त्या दिवशी आधी हाडाची गोळी, अर्धा तास थांबणं, मग शुगरचं औषध आणि लगेच नाश्ता. ईजीएफआर ३५ च्या खाली असेल तर ही गोळी चालत नाही. छातीत जळजळ, गिळायला त्रास होत असेल तर वर्षातून एकदाचं झोलेड्रोनेट इंजेक्शन असतं, किडनीची अट त्यालाही आहे. सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या. शुगरमुळे हिरड्या आधीच खराब असतात, आणि या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही.

डेनोसुमॅब हे हाडांचं आणखी एक इंजेक्शन दर सहा महिन्यांनी पोटावर किंवा दंडात घेतात. किडनी कमकुवत असेल त्यांना देता येतं, फक्त आधी डी आणि कॅल्शियम भरून घ्यावं लागतं. याचा दुसरा नियम कडक आहे: तारीख चुकवायची नाही. उशीर झाला की थोपवलेली झीज एकदम सुटते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. "या वेळी राहू दे, लग्न आहे घरात" हे इथे चालत नाही.

काकूंना शेवटी डेनोसुमॅबच मिळालं, किडनीमुळे. पायोग्लिटाझोन डॉक्टरांनी काढलं, स्टॅटिन तसंच ठेवलं, दूध साय काढून परत सुरू झालं. पहिलं इंजेक्शन घेऊन जाताना मी त्यांना पुढची तारीख लिहून दिली, तर म्हणाल्या, "चिठ्ठी हरवते गं." दुसऱ्या दिवशी नातवाने फोटो पाठवला. भिंतीवरच्या कालनिर्णयावर सहा महिन्यांनंतरच्या पानावर लाल गोल, आणि दुधाच्या हिशोबाशेजारी काकूंच्या अक्षरात लिहिलेलं: 'हाड. मेडिकल.'